उडीखालचा मुलूख

मोटारसायकलवरून भटकायला निघताना माणसाने बरोबर काय काय घ्यावे, या प्रश्नावर आमच्या मंडळींत दर हिवाळ्यात एकदा तरी कडाक्याचा वाद होतो. पंक्चर काढायचे सामान, एक जादा क्लचकेबल, एक स्पार्कप्लग, पाने, दोरी आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून एक प्लॅस्टिकचा कागद, येथपर्यंत सर्वांचे एकमत असते. मतभेद सुरू होतो तो माझ्या पिशवीतल्या एका वस्तूवरून. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, पोथीएवढ्या आकाराचा एक शॉर्टवेव्ह रेडिओ मी गेली पंचवीस वर्षे प्रत्येक सफरीत बरोबर नेत आलो आहे. दोन सदरे कमी घेईन, पण तो घेईन. यावर घरातून दर वेळी एकच अभिप्राय मिळतो : "कपड्यांचे जोड दोन आणि बॅटऱ्यांचे जोड चार! घाम तुमच्या अंगाला येतो की त्या रेडिओच्या?"

हा झाला घरचा आहेर. परंतु बाहेरून जो आक्षेप आला, तो असा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमचे एक स्नेही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी महाविद्यालय सोडले, पण प्रश्न विचारण्याची खोड सोडली नाही. एकदा एका घाटाच्या माथ्यावर चहा पिताना ते मला म्हणाले, "तू घर सोडतोस, गाव सोडतोस, ते जिथं जाशील तिथला व्हावंस म्हणून ना? मग सगळं जग पिशवीत घालून कशाला नेतोस? घाटात बसून लंडन ऐकणारा माणूस घाटात असतो की लंडनला?"

मी म्हणालो, "दोन्हीकडे."

"म्हणजे कुठंच नाही," ते म्हणाले आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले. वादात हरलेल्या माणसाला चहाचे पैसेही देऊ द्यायचे नाहीत, हा त्यांचा जुना कठोरपणा आहे.

चहा केव्हाच जिरला. प्रश्न मात्र राहिला. वरवर पाहता तो एका छंदाचा प्रश्न आहे. पण थोडे खरवडले की खालून दुसराच प्रश्न वर येतो. माणसाला कान दोनच आहेत आणि लक्ष तर एकच. तेव्हा दूरच्या आवाजाला आपण जे लक्ष देतो, ते कुणाच्या ताटातले काढून देतो?

आधी त्या छंदाची बाजू मांडली पाहिजे. कारण ज्याने शॉर्टवेव्ह कधी ऐकलेली नाही, त्याला त्यात एवढे काय आहे असे वाटणे साहजिक आहे. त्याला वाटेल की मोटारसायकल आणि रेडिओ ही जोडी म्हणजे वरातीतला घोडा आणि बँड. एक धावतो, दुसरा वाजतो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. या दोन यंत्रांचे एकमेकांशी हाडवैर आहे.

मोटारसायकलच्या इंजिनात स्पार्कप्लगच्या टोकाशी मिनिटाला शेकडो ठिणग्या उडत असतात. आणि ठिणगी ही रेडिओची आद्य जननी. १८८७-८८ च्या सुमारास जर्मनीत हाइनरिख हर्ट्झने विद्युतलहरी प्रथम निर्माण केल्या त्या दोन गोळ्यांमध्ये ठिणगी उडवूनच. त्या अर्थाने रस्त्यावर धावणारी प्रत्येक मोटारसायकल हे एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच असते. मात्र त्याचा कार्यक्रम एकच : तडतड, तडतड. शेजारी शॉर्टवेव्ह रेडिओ लावला तर ती तडतड सगळे जग झाकून टाकते. तेव्हा चालत्या गाडीवर रेडिओ ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. ऐकायचे असेल तर थांबले पाहिजे. इंजिन बंद केले पाहिजे. धुराड्याची धातू थंड होताना जी टिकटिक करते, तीही थांबू दिली पाहिजे. हातून वेग सुटल्याशिवाय कानाला काही मिळत नाही, हा पहिला धडा मला या वैराने शिकवला.

दुसरा धडा शहराने शिकवला. शहरात, आमच्या घरात, तो रेडिओ जवळजवळ मुका आहे. विजेचे दिवे, मोबाईल भारित करणाऱ्या डब्या, संगणक, टेलिव्हिजन ही सारी मंडळी आपापली बारीक गुणगुण करीत असतात. ती आपल्या कानाला ऐकू येत नाही, रेडिओला येते. घरात लावला तर नुसती घरघर. पण गाव मागे टाका, तारा मागे टाका, एखाद्या पठारावर बाभळीच्या फांदीवरून सात-आठ मीटर लांबीची एक साधी तार फेका, आणि तोच रेडिओ एखाद्या गप्प बसणाऱ्या पाहुण्यासारखा एकदम बोलू लागतो. तिबेटी मंत्र, चिनी ऑपेरा, कुराणाचे पठण, फारसी गझल, कुणा पाद्र्याचे प्रवचन, रशियन बाईंनी एकसुरात वाचलेली आकडेवारी. माणसांपासून जितके दूर जावे तितकी माणसे स्पष्ट ऐकू येतात, हा या छंदातला चमत्कार आहे आणि, पुढे माझ्या ध्यानात आले त्याप्रमाणे, हाच त्यातला धोकाही आहे.

हे आवाज येतात तरी कसे? ते जमिनीवरून सरपटत येत नाहीत. पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित केलेले विरळ हवेचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जातात, या थरांतून वाकतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरांवर खाली उतरतात. तेथून पुन्हा वर, पुन्हा खाली, अशा उड्या मारीत त्या समुद्र ओलांडतात. हे थर सूर्यावर अवलंबून असल्यामुळे दिवसाचे आकाश वेगळे आणि रात्रीचे वेगळे. सूर्य मावळला की लहरी शोषणारा सर्वांत खालचा थर विरतो आणि दिवसा न मिळणारी दूरदूरची केंद्रे एकेक करून उगवू लागतात. संध्याकाळी देवापाशी दिवा लावावा आणि तारे मोजावेत, तसा मी काटा हळूहळू सरकवीत ती मोजत असतो.

शिवाय हा आवाज कधी स्थिर नसतो. तो येतो, फुगतो, ओसरतो, वाक्याच्या मध्यावर बुडतो आणि पूर्णविरामाच्या आधी पुन्हा वर येतो. बुडालेले शब्द ऐकणाऱ्याने अंदाजाने भरून काढायचे असतात. त्यासाठी श्वास रोखावा लागतो, तार थोडी वळवावी लागते, केव्हा केव्हा रेडिओ छातीशी धरावा लागतो. एवढी आर्जवे मी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाची केली नाहीत, आणि जिची करायला हवी होती ती हे वाक्य वाचून मान हलवील, हेही मला ठाऊक आहे.

या उड्यांचा एक परिणाम मात्र असा आहे की ज्याचा मी बरीच वर्षे नुसता कौतुकाने उल्लेख करीत असे. लहर ज्या ठिकाणाहून निघते, त्याच्या आसपासच्या काही किलोमीटरांत ती जमिनीलगत पोचते आणि लवकरच मरते. जी वर गेली ती उतरते ती एकदम लांब. मधला सारा मुलूख कोरडा राहतो. प्रक्षेपण केंद्र ज्याच्या गावापासून शंभर मैलांवर आहे, त्याला काही ऐकू येत नाही. आणि हजार मैलांवरचा माणूस तोच कार्यक्रम स्वच्छ ऐकून पत्र लिहितो. या मधल्या मुलखाला रेडिओवाले 'स्किप झोन' म्हणतात. मी आपला त्याला उडीखालचा मुलूख म्हणतो. दिव्याखाली अंधार असतो, हे आपल्या आयाबायांना हर्ट्झच्या पुष्कळ आधी माहीत होते.

आपल्या देशाने या उडीची एक गंमत कित्येक वर्षे अनुभवली आहे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचा अभिमान आणि चित्रपटगीतांचे वावडे. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी बोलत ते मुंबईत. त्यांच्या बोलण्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. आणि तेथून दीड हजार किलोमीटरांची उडी मारून त्यांचा आवाज मुंबईच्या चाळींत उतरे. शेजारच्या गल्लीतला माणूस सिलोनमार्गे ऐकावा लागे! १९५७ साली विविधभारती आली, तरी लोकांची ती बुधवारची सवय सुटली नाही. सयानी २०२४ साली गेले. तेव्हा ज्यांनी डोळे पुसले, त्यांतल्या पुष्कळांनी त्यांचा आवाज समुद्रापलीकडूनच ऐकलेला होता.

ही गोष्ट मी मैफलीत रंगवून सांगत असे आणि लोक हसत. उडीखालच्या मुलखात एखादा माणूस बसलेला असू शकतो, आणि उडी मारणारा मीच असू शकतो, हे मला कळायला हेदवीला जावे लागले.

२०१४ सालचा डिसेंबर होता. पुण्याहून निघून कुंभार्ली घाट उतरून मी चिपळूणला आलो आणि तेथून गुहागरच्या बाजूला वळलो. हेदवीला पोचेतो दिवस कलला होता. तेथे एका घरी उतरणाऱ्यांची जेवणाखाण्याची सोय होते असे कुणीसे सांगितले. घर जुने, कौलारू. पुढे सारवलेले अंगण, मागे नारळी-पोफळी. घरात एकट्या काकी. वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी भात, कुळथाचे पिठले आणि सोलकढी असे साधे पण पोटभर जेवायला घातले आणि "थंडी पडेल हो, चादर जास्तीची ठेवलेय," असे सांगून त्या ओटीवर अडकित्ता घेऊन सुपारी कातरीत बसल्या.

मी अंगणातल्या आंब्यावर तार फेकली आणि पडवीच्या पायरीवर रेडिओ मांडला. असे आकाश मला वर्षातून एखाददुसऱ्यांदाच मिळते. दिवे बेताचेच, वीज तर त्या संध्याकाळी गेलेलीच होती, आणि समुद्राच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाही. साडेआठाला लंडनच्या बातम्या होत्या. त्यांच्या घड्याळात तेव्हा दुपारचे तीन वाजतात. तासाच्या ठोक्याला त्यांचे ते सहा बारीक टिंब-टिंब वाजतात आणि मग बातम्या सुरू होतात. ती टिंबे स्वच्छ पकडण्यात एक प्रकारची शिकाऱ्याची धुंदी असते. काटा जागेवर आणला. साडेआठाला अर्धा मिनिट उरला होता. इतक्यात ओटीवरून काकी म्हणाल्या,

"ह्यांच्याकडे पण असाच एक—"

मी हात वर केला. तळहात पुढे करून, शाळामास्तर वर्गाला गप्प करतो तसा. मान वळवूनही पाहिले नाही.

काकी थांबल्या. नुसत्या बोलायच्या थांबल्या नाहीत, अडकित्ताही थांबला. त्या आवाजाचासुद्धा मला त्रास होईल असे त्यांना वाटले असावे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओटीवर, ती बाई दहा मिनिटे हात आवरून बसून राहिली आणि मी लंडन ऐकत राहिलो.

त्या बातम्यांत काय होते, ते आज मला आठवत नाही. एक शब्दही आठवत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जे येणार होते, तेच असणार. थांबलेला अडकित्ता मात्र अजून ऐकू येतो.

बातम्या संपल्यावर माझे मला काहीतरी खटकले. मी म्हटले, "काकी, तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही हो. आपलं सहज." आणि सुपारी पुन्हा सुरू झाली.

मग बऱ्याच वेळाने, भीत भीत, त्यांनी विचारले, "त्यात मस्कत लागतं का हो?"

त्यांचा मुलगा अकरा वर्षे मस्कतला होता. वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती करीत असे. दोन वर्षांनी एकदा यायचा. दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, त्याचा फोन यायचा. "बरी आहेस का, पैसे मिळाले का, औषध घेतेस का. मी म्हणायचं हो, हो, हो. की झालं."

मी एकोणीस मीटरच्या पट्ट्यावर ओमानच्या आकाशवाणीचा अरबी कार्यक्रम शोधून दिला. कुणी गृहस्थ संथपणे काही वाचीत होते. मग उद या तंतुवाद्यावर एक गाणे झाले. काकी पायरीवर येऊन बसल्या, रेडिओला हात न लावता त्याच्याजवळ कान नेला आणि अर्धा तास हलल्या नाहीत. आवाज बुडाला की त्या थांबत; वर आला की मान डोलवीत.

मी विचारले, "काकी, काय म्हणताहेत ते कळतं का तुम्हाला?"

"मला कशाला कळायला हवं?" त्या म्हणाल्या. "तो मला काय सांगतो ते मला माहीत आहे. दिवसभर त्याच्या कानावर काय पडतं, ते कुठं माहीत होतं? दुकानात, रस्त्यात, कामावर हेच पडत असेल ना? ते ऐकून घेतलं."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, आणि त्याला थंडी हे कारण नव्हते. एकाच रेडिओवर एकाच रात्री आम्ही दोघांनी परमुलूख ऐकला. मला भाषा कळत होती. त्यांना एक अक्षर कळत नव्हते. तरी त्यांचे ऐकणे हे ऐकणे होते आणि माझे नव्हते. त्यांच्या ऐकण्याला दुसऱ्या टोकाला एक माणूस होता. माझ्या ऐकण्याच्या दुसऱ्या टोकाला मीच होतो : आकाश साधणारा, काटा जागेवर आणणारा, जगाची खबर ठेवणारा मी.

दूरचा आवाज आपल्याला एवढा गोड का लागतो? दुरून डोंगर साजरे, हे उत्तर अर्धेच आहे. खरे उत्तर असे की दूरचा आवाज काही मागत नाही. लंडनचा निवेदक मला प्रश्न विचारीत नाही. मी ऐकले काय, न ऐकले काय, त्याला पत्ताही नाही. कंटाळा आला की मी काटा सरकवितो आणि त्याचा अपमान होत नाही. जवळचा आवाज तसा नसतो. त्याला उत्तर द्यावे लागते. "ह्यांच्याकडे पण असाच एक" या वाक्याला मला "कसा हो?" म्हणावे लागले असते, मग नवऱ्याच्या आठवणी निघाल्या असत्या, कदाचित डोळ्यांतून पाणीही. त्यातले काही ना काही माझ्या अंगावर आले असते. लंडनमधून अंगावर काही येत नाही.

अॅडम स्मिथ या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात एक मजेदार उदाहरण दिले आहे. चीन देश भूकंपात गडप झाला असे ऐकले तर युरोपातला एखादा सज्जन हळहळेल, मनुष्यजीविताच्या क्षणभंगुरतेवर चार शब्द बोलेल आणि रात्री स्वस्थ झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असे त्याला कळले, तर त्याला झोप यायची नाही. स्मिथचे म्हणणे असे की दूरचे दुःख भावनेला पोचत नाही. तेथे न्याय करायला आतला साक्षीदार, म्हणजे सदसद्विवेकबुद्धी, लागते. हे खरेच आहे. पण रेडिओच्या युगात त्याला एक पुरवणी जोडावी लागेल. दूरचे दुःख भावनेला पोचत नाही असे नाही; ते पोचते, पण बेताने, सोसवेल एवढेच पोचते. आपण हळहळतो आणि त्या हळहळीबद्दल आपल्याला स्वतःचे कौतुक वाटते. चार खंडांतल्या भूकंपांची खबर ठेवणारा माणूस आपल्याला मनाने विशाल वाटू लागतो. त्याच वेळी त्याच्या मागे ओटीवर एक बाई अडकित्ता आवरून बसलेली असते.

आपल्याकडे हा प्रश्न नाथांनी शतकांपूर्वी सोडवून ठेवला आहे. काशीच्या गंगेची कावड रामेश्वराला घालायची म्हणून एकनाथ निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले दिसले. नाथांनी कावड उतरली आणि ते पाणी त्याच्या तोंडात घातले. बरोबरचे यात्रेकरू हळहळले, की एवढ्या लांबून आणलेले पुण्य वाया गेले. नाथांचे समाधान असे की, रामेश्वराला ते येथेच पोचले. ही गोष्ट आपण लहानपणी दयेची गोष्ट म्हणून ऐकतो. हेदवीनंतर मला ती अंतराची गोष्ट वाटू लागली. नाथांना रामेश्वर खोटा वाटत होता असे नाही. पण दूरच्या देवाकडे जाणारी वाट जवळच्या तहानेवरून उडी मारून जात नाही, एवढे ते जाणत होते.

येथे माझे प्राध्यापक स्नेही म्हणतील, "मग टाक तो रेडिओ विहिरीत!"

तेही मला पटत नाही. जवळचे तेवढे खरे आणि दूरचे सगळे नसते उपद्व्याप, हा निवाडा सोपा आहे; म्हणूनच संशयास्पद आहे. नुसते जवळचे ऐकणाऱ्या माणसाचे जग त्याच्या कुंपणाएवढे होते, आणि कुंपणाच्या आत जर खोटे बोलले जात असेल तर ते ओळखायला त्याच्याजवळ साधन उरत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात आणि वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप, अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालविला. ४२.३४ मीटरवर, भारतातून कुठून तरी, एवढाच पत्ता सांगून. पोलिसांना चुकवीत ते जागा बदलीत राहिले, आणि १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत तो आवाज बंद पडला नाही. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत आपल्याच घरातली बातमी कळावी म्हणून लोक दारे लावून परदेशी केंद्रे ऐकत. त्या काळी लंडनला कान लावणारा माणूस शेजाऱ्याकडे पाठ फिरवीत नव्हता. तो शेजाऱ्यासाठीच ऐकत होता. सकाळी चहाच्या टपरीवर तो जे हळूच सांगायचा, त्यासाठी त्याचे रात्रीचे जागरण होते.

तेव्हा दोष अंतरात नाही. दूरचे ऐकून झाल्यावर माणूस कुठे परत येतो, एवढेच पाहायचे. काकी मस्कत ऐकून मुलाकडे परत आल्या. आणीबाणीतला माणूस लंडन ऐकून गल्लीत परत आला. मी लंडन ऐकून कुठेच परत आलो नाही. मी पायरीवरच होतो आणि तरीही नव्हतो. "म्हणजे कुठंच नाही," हे प्राध्यापकांचे वाक्य त्या रात्रीपुरते खरे ठरले होते.

या गोष्टीला एक शेपूट आहे. काही वर्षांनी सहज म्हणून मी परदेशी प्रक्षेपण केंद्रांची माहिती चाळीत होतो. लंडनचा आवाज आपल्याकडे सरळ लंडनहून येत नसे, हे मला मोघम माहीत होते. जागोजाग मधली केंद्रे असतात. तेथून तो पुन्हा फेकला जातो. दक्षिण आशियासाठी बी. बी. सी. चे असे एक मोठे केंद्र पूर्वी ओमानच्या मसिरा बेटावर होते आणि २००२ पासून ते ओमानच्याच मुख्य किनाऱ्यावर, असीला येथे होते. मी माझी नोंदवही काढली. हेदवीच्या त्या रात्रीची फ्रीक्वेन्सी पाहिली. ती त्याच केंद्राची होती.

म्हणजे मी ज्याला लंडन म्हणून कान देत होतो, ज्याच्यासाठी मी काकींना हाताने गप्प केले, तो आवाज त्यांच्या मुलाच्या देशातून, त्याच समुद्रावरून येत होता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आधीच रेडिओत वाजत होते आणि मला ते कळले नव्हते. मी त्याला दुसरे नाव दिले होते, एवढेच.

आता शॉर्टवेव्हवरचे आवाजही विरळ होत चालले आहेत. २०१२ साली हॉलंड आणि कॅनडा गप्प झाले, २०१७ साली ऑस्ट्रेलिया, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी बी. बी. सी. च्या हिंदी बातम्या शॉर्टवेव्हवरून गेल्या. काटा फिरविताना पूर्वी जेथे गर्दी होती तेथे आज लांबच लांब शांतता लागते. त्याचे वाईट वाटण्याचा अधिकार मला आहेच. पण हे यंत्र उद्या साफ मुके झाले, तरी त्याने एक गोष्ट माझ्या पदरात टाकली आहे. बुडणाऱ्या आवाजासाठी थांबायचे, श्वास रोखायचा, राहिलेले शब्द समजुतीने भरून घ्यायचे, जरा वळून, जरा जवळ जाऊन ऐकायचे, हे सारे कष्ट मी परक्या निवेदकांसाठी पंचवीस वर्षे आनंदाने केले. तेवढे कष्ट घरातल्या माणसांसाठी करायला बंदी थोडीच आहे? दिवाळीला घर भरते. थोरल्या आत्याबाईंचा आवाज बुडतो, मधेच वर येतो, गोष्ट तीच ती असते. आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या खिशात एकेक यंत्र असते, जे शेजारी बसलेल्यावरून उडी मारून कुठल्या कुठे नेऊ शकते. पूर्वी ही उडी मारायला मला मोटारसायकलवरून दोनशे मैल जावे लागे. आता जागचे उठावेही लागत नाही.

प्राध्यापकांना मी अजून उत्तर दिलेले नाही. कारण एक हिशेब राहिला आहे. "ह्यांच्याकडे पण असाच एक—" एक काय? रेडिओ? त्या रात्री मला तसेच वाटले होते. पुढे वाटले, कदाचित एखादा टॉवेल असेल. नवराही आपली एखादी लाडकी वस्तू असाच गुंडाळून ठेवीत असेल. कदाचित असाच एक मित्र असेल, रात्री-अपरात्री तारा बांधणारा. बुडालेले शब्द अंदाजाने भरण्यात मी तरबेज आहे. पण हे वाक्य मला भरता आलेले नाही, आणि ते भरणे माझे कामही नाही. ते ज्यांचे आहे त्यांच्याकडून ते मागून घेतले पाहिजे.

त्या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षे झाली. एवढ्या काळात मी स्पितीला जाऊन आलो, कच्छच्या रणात राहिलो. हेदवी मात्र घरापासून एका दिवसाच्या अंतरावर, तिकडे फिरकलो नाही. उडीखालचा मुलूख म्हणतात तो हाच. काकी आता ऐंशीच्या पुढे असतील. दिवाळी झाली, रस्ते सुकले, की मी कुंभार्ली उतरणार आहे. रेडिओ पिशवीत असेल, टॉवेलात गुंडाळलेला. मस्कत ऐकायचे आहे असे काकी म्हणाल्या तर बाहेर काढीन.

त्याआधी नाही.